पाय टेकला की गाडी गचकते

१९६५ची फोर्ड मस्टँग. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पॉवर ब्रेक हवे असतील तर जादा पैसे. म्हणून साध्या ब्रेकच्या जुन्या गाड्यांना हौशी मालक आज बूस्टर बसवून घेतात. मग पेडलला बूट नुसता लागला तरी गाडी गचकन थांबते.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा चपटा डबा, आत रबरी पडदा. इंजिन हवा ओढते, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाब कमी राहतो. पेडल दाबताच मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे रेटला जातो. पडदा २० सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर हा रेटा १५० किलोच्या वर सहज जातो.

साध्या ब्रेकचे पेडल मात्र मुळातच लांब पहारेसारखे: पायाचा जोर साधारण ६ पट करणारे. पॉवर ब्रेकला ४ पट पुरते. जुने पेडल तसेच ठेवून बूस्टर जोडला, की जोर दोनदा वाढतो. दोष बूस्टरचा नव्हे, जोडणाऱ्याचा!

तपासणी सोपी आहे. बूस्टरची व्हॅक्यूम नळी काढून तिचे तोंड बंद करायचे आणि मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने गाडी घ्यायची. पेडल फार जड लागेल. तरीही चाक अडकलेच, तर संशय ड्रमवर. फिरता ड्रम ब्रेक शूला स्वतःकडे ओढून घेतोच. त्यात लायनिंगवर ब्रेक फ्लुइड झिरपले असेल, तर पकड एकदम बसते.

नळी काढल्यावर लक्षण गेले, तर बूस्टरच्या आत, मास्टर सिलिंडरला रेटणाऱ्या दांड्याच्या बुडाशी असलेली रबरी रिअॅक्शन डिस्क पाहावी. ब्रेक किती लागला हे पायाला कळते ते या चकतीमुळे. मास्टर सिलिंडर बदलताना ती कधीकधी डब्यातच गळून पडते.