हाँगकाँगचा पक्षीबाजार आणि पिंजऱ्यांतील पोपट

हाँगकाँगला जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा दोन गोष्टी पाहून परततो : डोंगरमाथ्यावरून दिसणारें बंदर आणि रात्रीची दुकानांची रोषणाई. त्यांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं असें कोण म्हणेल? परंतु मनुष्याच्या हौशी आणि त्या हौशींचीं फळें पाहण्याची ज्यांस आवड आहे, त्यांनीं कौलून बाजूस उतरून माँग कॉक भागांतील युएन पो स्ट्रीटवर एक सकाळ अवश्य घालवावी. प्रिन्स एडवर्ड नांवाच्या भुयारी स्टेशनावर उतरावें आणि फुलबाजाराच्या रस्त्यानें सरळ चालत जावें. फुलांचा वास सरतो न सरतो तोंच किलबिल कानीं येऊं लागते.

बाजाराची ही मूळची जागा नव्हे. पूर्वी हाँग लॉक स्ट्रीट नांवाची एक अरुंद गल्ली होती. लोक तिला पांखरांची गल्लीच म्हणत. शहराच्या पुनर्रचनेंत ती पाडावयाची ठरली, तेव्हां १९९७ सालीं युएन पो स्ट्रीटला हें उद्यान उभारण्यांत आलें. उद्यान हें नांव त्याला शोभतेंही. चिनी धर्तीच्या भिंती, वाटोळीं चंद्राकृति दारें, झाडांच्या सावलींत बसावयास जागा, आणि एका अंगास ओळीनें दुकानें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं हाँगकाँगांत कोंबड्यांचा इन्फ्लुएंझा माणसांस झाल्याचें प्रथमच आढळलें. १८ माणसें आजारी पडलीं, त्यांतलीं ६ दगावलीं, आणि वर्षअखेरीस शहरांतील दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. पक्ष्यांकडे पाहण्याची नागरिकांची दृष्टि तेव्हांपासून थोडी सावध झाली आहे.

ह्या बाजारांत पहिला मान गाणाऱ्या पांखरांचा. ‘ह्वामेई’ म्हणून एक तपकिरी रंगाचा पक्षी असतो. डोळ्याभोंवतीं कुंचला फिरवावा तशी पांढरी रेघ, म्हणून त्याचें नांव ‘रेखलेली भुंवई’. आपल्या बागांतून दिसणाऱ्या चष्मेवाल्याचे भाऊबंदही येथें पुष्कळ. वृद्ध गृहस्थ सकाळीं आपापला पिंजरा कापडाच्या गवसणींत झाकून आणतात, झाडाच्या फांदीला नाहींतर आडव्या दांडीला अडकवितात, गवसणी दूर करतात, आणि समोर स्वस्थ बसून ऐकतात. पिंजरा वेळूच्या बारीक कामट्यांचा, आंतील पाण्याच्या वाट्या चिनी मातीच्या, त्यांवर निळी वेलबुट्टी. कारागिरी इतकी नाजूक कीं, पिंजऱ्याची किंमत पुष्कळदां आंतल्या रहिवाशाहून अधिक भरते. पलीकडे जिवंत नाकतोडे पिशव्या भरभरून विकावयास ठेवलेले. जेवणाच्या काड्यांनीं एकेक नाकतोडा उचलून पांखराच्या चोंचींत देण्याचें कसब पाहात राहावें असें आहे. नाकतोड्याचें मत अर्थात् कोणी विचारीत नाहीं.

पूर्वी तिकडील चहाच्या दुकानांत धन्याबरोबर त्याच्या पांखरासही जागा असे. ती चाल आतां बहुतेक मोडली. ह्या म्हाताऱ्या मंडळींवर रागावणें मला जमलें नाहीं. मुलें कामावर गेलेलीं, घर दोन खोल्यांचें, आणि सोबतीला हा एवढासा जीव. परंतु एक गोष्ट सांगितली पाहिजे. पांखरूं गातें तें आनंदाच्या भरांत, ही आपली समजूत. नर गातो तो आपला मुलूख जाहीर करण्यासाठीं आणि मादीला हांक देण्यासाठीं. पिंजऱ्यांत त्या हांकेला कोणी येत नाहीं, म्हणून तो पुन्हां गातो.

मीं तेथें गेलों तो माझ्या भाच्याच्या कुटुंबाबरोबर. दोघेंही पतिपत्नी नोकरी करणारीं; घर विसाव्या मजल्यावर. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला पोपट हवा होता. आफ्रिकेंतील करडा पोपट तिनें शेजाऱ्यांकडे पाहिला होता : राखेसारखा अंगरंग, शेपटी लालभडक, आणि बोलणें हुबेहूब माणसाचें. पोपटांच्या दुकानांत आम्हीं शिरलों तेव्हां तिचे डोळे चमकले. पांढरे काकाकुवे, निळेपिवळे मॅकॉ, एकमेकांस चिकटून बसलेले लव्हबर्ड, आणि कोपऱ्यांत एक करडा पोपट. त्याची छाती उघडी पडलेली होती. चोंच पोंचेल तेथवरचीं पिसें गेलेलीं. डोकें तेवढें सुरेख भरलेलें. दुकानदार भला माणूस दिसला. त्यानें लपवाछपवी न करतां सांगितलें कीं, हा पक्षी एका गिऱ्हाइकानें परत आणून दिला आहे, त्या घरीं तो दिवसभर एकटा असे.

“हा किती वर्षें जगतो?” मुलीनें विचारलें.

“नीट ठेवला तर पन्नास. साठही.”

तिनें बोटांवर हिशेब केला आणि मजकडे वळून म्हणाली, “मामाआजोबा, म्हणजे मी अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत! मग मी शाळेंत गेल्यावर ह्याच्याशीं कोण बोलेल?”

ह्या प्रश्नाला तिच्या आईबापांजवळ उत्तर नव्हतें, आणि तें नाहीं हें त्यांनीं प्रामाणिकपणें कबूल केलें, याचें मला कौतुक वाटलें. पक्षी घेतला नाहीं. मुलगी परततांना बराच वेळ गप्प होती.

पिसें उपटण्याची ही खोड बाहेरच्या सृष्टींतील पोपटांत जवळजवळ दिसत नाहीं. ती पिंजऱ्याची देणगी आहे. कधीं तिच्यामागें त्वचेचा वा यकृताचा रोग असतो, कधीं निकृष्ट अन्न, पण पुष्कळदां नुसता रिकामा वेळ. रानांतील पोपट दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यांत, सोलण्यांत, फोडण्यांत घालवितो. पिंजऱ्यांत तेंच अन्न वाटींत तयार मिळतें आणि अर्ध्या घटकेंत संपतें. उरलेल्या दिवसाचें त्यानें काय करावें? त्यांतून हा प्राणी कळपाचा. करडे पोपट रात्रीच्या वस्तीला शेंकड्यांनीं, कधीं हजारोंनीं, एकत्र जमतात. अशाला एकटें ठेवणें म्हणजे भरल्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला कायमचें एका खोलींत कोंडणें होय.

आणि त्याची बुद्धि! आयरीन पेपरबर्ग नांवाच्या अमेरिकन विदुषीनें १९७७ सालीं शिकागोच्या एका दुकानांतून एक करडा पोपट विकत घेतला व त्याचें नांव ॲलेक्स ठेवलें. पुढें तीस वर्षें तिनें त्याला शिकविलें. त्याला पन्नासेक वस्तूंचीं नांवें येत, सात रंग व पांच आकार ओळखतां येत, सहापर्यंत मोजतां येई, आणि दोन वस्तूंत सारखें काय व निराळें काय हें विचारल्यावर तो सांगे. २००७ सालीं तो एकतिसाव्या वर्षीं वारला. ‘पोपटपंची’ हा शब्द आपण न समजतां घोकणाऱ्यास लावतों. तो शब्द काढणाऱ्यानें पोपटाकडे नीटसें पाहिलें नसावें.

आतां हे पक्षी येतात कोठून तें पाहूं. करडा पोपट मध्य व पश्चिम आफ्रिकेंतल्या रानांतला. गेल्या कांहीं दशकांत दहा लाखांहून अधिक पक्षी तेथून पकडून उघडउघड, परवान्यानिशीं, परदेशीं गेले. वाटेंत व पेटाऱ्यांत मेले ते निराळेच. घाना देशांत १९९२ नंतर त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहूनही अधिक घटली असें संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं जोहान्सबर्ग येथें भरलेल्या ‘साइट्स’ ह्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेनें रानांतून पकडलेल्या करड्या पोपटाचा व्यापार बंद करण्याचें ठरविलें, आणि २०१७ च्या जानेवारींत तो ठराव अंमलांत आला. तत्पूर्वी अमेरिकेनें १९९२ सालीं आणि युरोपीय संघानें २००७ सालीं कायम स्वरूपांत रानपक्ष्यांच्या आयातीला दारें लावलींच होतीं. हाँगकाँगांत अशा पक्ष्यासाठीं परवाना लागतो, आणि दुर्मिळ प्राण्यांच्या चोरट्या व्यापाराला २०१८ पासून दहा वर्षांपर्यंत कैद व एक कोटी हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड सांगितलेला आहे.

कायदा कडक, पण पक्षी पिंजऱ्यांत जन्मला कीं रानांतून आला हें ओळखावयाचें कसें? पायांतील कडें आणि कागद दोन्ही खोटीं करतां येतात. ह्यावर हाँगकाँग विद्यापीठांतील संशोधकांनीं मोठी युक्तीची तोड काढली. पक्षी जें खातो त्याची खूण त्याच्या पिसांत उतरते. रानांतलें खाणें आणि दुकानांतलें दाणे यांत फरक असल्यानें पिसांतील कार्बन व नायट्रोजन यांच्या समस्थानिकांवरून त्याचें पूर्वायुष्य सांगतां येतें. पिवळ्या तुऱ्याच्या काकाकुव्यावर त्यांनीं ही परीक्षा केली. कागद खोटें बोलेल, पीस बोलणार नाहीं.

बाजारांत आणखी एक प्रकार चालतो. पुण्यसंपादनासाठीं पक्षी विकत घेऊन सोडून देण्याची बौद्ध लोकांत जुनी चाल आहे. हेतु दयेचा, पण मागणी आली कीं पुरवठाही होतो, आणि सोडण्यासाठीं पक्षी मुद्दाम पकडले जातात. धरणें, कोंबणें, वाहून नेणें ह्यांत कित्येक मरतात. जे सुटतात ते परक्या मुलुखांत. आपल्याकडेही सणावारीं पिंजरा विकत घेऊन उघडणारे श्रद्धाळू आहेत. विक्रेत्याच्या हातीं पडलेला तो पैसा दुसऱ्या दिवशीं नवें जाळें विकत घेतो.

आपल्या घरांतील राघूची गोष्ट काढल्यावांचून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. पडवींत टांगलेला पितळी पिंजरा, भिजविलेली हरभऱ्याची डाळ, लाल मिरची, आणि ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणणारा मिठू हें चित्र आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजोळचें आहे. मिरचीविषयीं एक मौज सांगतों : तिचा तिखटपणा पक्ष्यांस जाणवतच नाहीं, आणि तींतलें जीवनसत्त्व त्यांस हितकर असतें, आजीबाईंचा तो खुराक अगदीं शास्त्रशुद्ध होता. परंतु तो वाटोळा पिंजरा वाईट. त्यांत पाठ टेकावयाला कोपरा नाहीं आणि पंख पसरावयाला जागा नाहीं. आणि तो विठ्ठलाचें नांव घेतो तें भक्तीनें नव्हे. आपल्या कळपांतले जे आवाज काढतात ते काढावे, हा त्याचा धर्म आहे. त्याला दुसरा कळप नाहीं, म्हणून आपलें घर तो कळप मानतो.

आज तो राघू घरीं ठेवणें हा गुन्हा आहे, हें पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांसही ठाऊक नसतें. आपल्या देशांतील कोणताही पोपट पकडणें, विकणें वा पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मना आहे. ज्यांच्याकडे असा पक्षी असेल त्यांनीं खिडकी उघडून त्याला उडवून देऊं नये. लहानपणापासून पिंजऱ्यांत वाढलेला पोपट अन्न शोधूं शकत नाहीं आणि कावळ्यांच्या व घारींच्या तावडींत सांपडतो. त्याला वनखात्याच्या स्वाधीन करावें. परदेशी जातींचे जे पोपट ‘साइट्स’च्या यादींत आहेत त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारांत नोंद करावी लागते.

ज्यांच्या घरीं असा परदेशी पाहुणा आलेलाच आहे त्यांनीं एवढें तरी पाहावें. पिंजरा चौकोनी आणि रुंद असावा, उंचीपेक्षां रुंदीला महत्त्व, कारण पोपट आडवा उडतो. बसण्याची दांडी गुळगुळीत व एकाच जाडीची नको, सालीसकट झाडाची फांदी घालावी. पायांचीं दोन बोटें पुढें व दोन मागें अशी त्याची रचना असल्यानें कमीजास्त जाडीवर पकड बदलीत राहिल्यानें पाय निरोगी राहतात. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवल्यास तो लठ्ठ होतो आणि अ-जीवनसत्त्वावांचून आजारी पडतो. पालेभाजी, गाजर, भोपळा द्यावा, आणि तो कागदांत गुंडाळून वा लांकडाच्या फटींत खोंचून द्यावा, म्हणजे खाण्यांत दिवस जातो. ॲव्होकॅडो व चॉकलेट त्यास विष होय. स्वयंपाकघरांत पिंजरा मुळींच नको. न चिकटणाऱ्या तव्याचा थर जास्त तापला तर त्यांतून निघणारी वाफ पक्ष्याला मिनिटांत मारते, माणसाला तिचा वासही लागत नाहीं. रात्रीं दहा-बारा तास अंधार व शांतता हवी. ज्या दिवाणखान्यांत अकरापर्यंत दूरदर्शन चालतें तेथें ती मिळत नाहीं. आणि घरांत चार माणसें असतील तर चौघांनींही त्याच्याशीं बोलावें. एकालाच लळा लागला आणि तो एक परगांवीं गेला, कीं पिसें उपटण्यास सुरुवात होते. एकत्र कुटुंबाचा येथें खरा उपयोग आहे. पण तेथेंही पन्नास वर्षांनंतर हा पक्षी कोणाच्या वांट्याला जाणार याचा विचार करणारें घर मीं अजून पाहिलेलें नाहीं. भांड्यांच्या व जमिनीच्या वाटण्या आपण मात्र लिहून ठेवतों.

हाँगकाँगांत आणखी एक दृश्य पाहावयास मिळतें, तें बाजारांत नव्हे. बंदराच्या दक्षिणेकडील बेटावर हाँगकाँग पार्क म्हणून बाग आहे. तेथें आणि जवळपासच्या डोंगरउतारांवर पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुवे मोकळे उडतांना दिसतात. त्यांचें मूळ घर इंडोनेशिया व पूर्व तिमोर. पाळीव म्हणून आणलेले पक्षी निसटले किंवा सोडले गेले, त्यांची ही संतति. मूळ देशांत पकडापकडीमुळें व रानें तुटल्यामुळें ह्या जातीचा इतका नाश झाला कीं, २००५ पासून तिच्या रानपक्ष्यांचा व्यापार जगभर बंद आहे. आणि हाँगकाँगांतले सुमारें दोनशें पक्षी म्हणजे आज जगांत मोकळ्या राहिलेल्यांचा जवळजवळ दहावा हिस्सा भरतो. दिवस मावळतांना ते चारपांचांच्या टोळीनें कर्कश ओरडत बागेंत येतात, जुन्या झाडांच्या ढोलींवरून भांडतात, आणि कोंवळ्या फांद्या कुरतडून खालीं बाकांवर बसलेल्यांच्या डोक्यांवर टाकतात. आसपासच्या इमारतींतील रहिवासी गोंगाटाबद्दल कुरकुरतात.