अंडी वाचली, प्रश्न उरले

२०२५च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी अंडी घालायला आली. तिच्या फ्लिपरवर धातूचा टॅग होता, क्रमांक ०३२३३. हा टॅग २०२१मध्ये ओडिशात लावलेला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी, असं मानण्याकडे तोवर बराच कल होता. ही बाई मात्र भारताच्या टोकाला वळसा घालून कोकणात आली होती. त्याआधी २०२३मध्ये गुहागरलाच सॅटेलाइट ट्रान्समीटर लावलेली ‘बागेश्री’ उलट्या दिशेनं, श्रीलंकेपलीकडे बंगालच्या उपसागरात पोहोचली होती. दोन कासवांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण पीएचडीला विषय नक्की मिळतो.

कोकणात अंडी वाचवण्याचं काम जुनं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२मध्ये वेळासला सुरुवात केली आणि गावोगावचे कासवमित्र आजही पहाटे किनारा पालथा घालतात. कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवलेली अंडी हॅचरीत हलवायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. आता खरी गरज आहे ती यापुढचे प्रश्न विचारणाऱ्यांची.

पहिला प्रश्न हॅचरीतलाच. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूचं तापमान ठरवतं. साधारण २९ अंशांच्या वर माद्या वाढतात, खाली नर. हॅचरीत अंडी हलवताना हे प्रमाण बिघडू शकतं, असा इशारा म्रोसोव्स्की आणि इंटेमा यांनी १९८०मध्येच दिला होता. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या तरुण पिढीत ९९ टक्के माद्या असल्याचं २०१८मध्ये समोर आलं. पिल्लाचं लिंग बाहेरून कळत नाही, त्यामुळे मेलेल्या पिल्लांच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्या लागतात. तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं घरट्यांत पुरायची, सावली केलेली आणि उघडी घरटी ताडून पाहायची, एवढं काम एमएस्सीच्या प्रबंधाला एका हंगामात झेपतं.

दुसरा प्रश्न समुद्रातला, आणि तो जास्त अवघड. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरही बराच काळ अंडी जपण्यावर भर होता. १९८७मध्ये डेबोरा क्राउझ आणि दोन सहकाऱ्यांनी लॉगरहेड कासवांचं गणित मांडलं. एकूण एक अंडं वाचवलं तरी संख्या घटतच राहील, असं उत्तर आलं! वाढत्या वयाची मोठी कासवं कोळंबीच्या जाळ्यांत बुडून मरत होती, ती वाचवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जाळ्यातून कासवाला बाहेर काढणारी चौकट सक्तीची व्हावी, या मागणीला त्या गणिताचं बळ मिळालं. असा हिशेब कोकणासाठी मांडायचा तर ट्रॉलरवर जाऊन नोंदी हव्यात. तिथे मालवणी बोलणाऱ्या पोराला तांडेल जे सांगेल, ते चकचकीत प्रश्नावली घेऊन आलेल्याला सांगणार नाही.

मच्छीमारांचं म्हणणं तपासणं हेही संशोधनच. लक्षद्वीपच्या अगत्तीत कासवं समुद्री गवत फस्त करतात आणि मासे कमी होतात, अशी कोळ्यांची तक्रार होती. नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये दाखवलं, की हिरव्या कासवांची दाटी झाली की गवताच्या कुरणातल्या जातीच बदलतात. तक्रार निराधार नव्हती. संरक्षणाच्या यशाचीही कुणाला तरी किंमत मोजावी लागते, हे निसर्गप्रेमींना ऐकायला आवडत नाही.

शिकायचं कुठे? डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचं एनसीबीएस आणि भारतीय विज्ञान संस्था ही ठळक नावं. परदेशात फ्लोरिडा विद्यापीठाचं आर्ची कार केंद्र. जागा मोजक्या असतात. शिवाय समुद्री कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यानं वनखात्याच्या परवानगीशिवाय अंड्याला हात लावता येत नाही. हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो, म्हणून अर्ज पावसाळ्याआधीच केलेला बरा.

किनाराच हवा असंही नाही. दख्खनच्या नद्यांत राहणारं, मऊ पाठीचं लीथचं कासव जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. त्याच्यासाठी महोत्सव भरत नाही, पर्यटक येत नाहीत. कृष्णा-गोदावरीकाठच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र त्याच्या शोधाला निघण्यासाठी बसचं तिकीट पुरेल.