मुलाचं की मुलीचं? बायबलमधल्या नावांविषयीचे गैरसमज

अबीया हे नाव मुलाचं की मुलीचं? बायबलमध्ये ते दोघांचंही आहे. यहूदाचा एक राजा अबीया होता आणि हिज्कीया राजाच्या आईचं नावही अबीयाच. गोमेर हा नोहाचा नातू, आणि होशेय संदेष्ट्याची बायकोही गोमेर. तेव्हा दोघांना चालणारी नावं हे आजकालचं फॅड आहे, असं कुणी म्हटलं तर त्यांना जुना करार दाखवावा.

नाव 'आ'ने संपलं की ते मुलीचं, हा आपल्या मराठी कानाचा अंदाजही इथे चुकतो. एज्रा, मीखा, योना, यशया हे सगळे पुरुष. यशया, अबीया यांतला शेवटचा 'या' म्हणजे यहोवा या देवनामाचं आखूड रूप. अबीया म्हणजे 'यहोवा माझा पिता'. त्या 'या'चा स्त्रीलिंगाशी काही संबंध नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ 'नोहा'चा. रूढ इंग्रजी बायबलमध्ये तारू बांधणारा नोहा आणि सलाफहादाची एक मुलगी यांचं स्पेलिंग एकच, म्हणून हे एकच नाव दोघांना चालतं असं सर्रास सांगतात. हिब्रूत ती दोन वेगळी नावं आहेत, अक्षरंही वेगळी. त्याच्या नावाचा अर्थ विसावा, तिच्या नावाचा हालचाल. मराठी बायबलने हा फरक जपला आहे: तो नोहा, ती नोआ. तिची गोष्ट गणना 27 मध्ये मुळातूनच वाचावी. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणींना भाऊ नव्हता, वडील रानात वारले होते. मोशे, याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभं राहून त्यांनी वडिलांच्या वाट्याचं वतन मागितलं. देवाने त्यांची मागणी रास्त ठरवली आणि मुलगा नसेल तर वारसा मुलीला, असा नियम झाला. नोआ हे नोहाचं स्त्रीरूप नव्हेच. एवढी भक्कम गोष्ट पाठीशी असलेली मुलींची नावं फार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

बायबलमधून घेतलेलं प्रत्येक नाव एखाद्या व्यक्तीचं असतं असंही नाही. जॉर्डन म्हणजे यार्देन नदी. 'खाली उतरणे' या अर्थाच्या धातूशी तिचं नाव जोडतात. येशूचा बाप्तिस्मा याच नदीत झाला. एदेन ही बाग, शारोन हे मैदान. शेरॉन म्हटलं की मुंबई-गोव्यात मुलगीच आठवते, इस्राएलमध्ये ते पुरुषांचंही नाव आहे. एरिएलचा अर्थ 'देवाचा सिंह' असा सांगतात, पण यशयाच्या पुस्तकात ते यरुशलेमचं नाव आहे आणि तिथे 'वेदीची चूल' असाही अर्थ लावला जातो. एज्राच्या पुस्तकात त्याच नावाचा पुरुष आहे. अमेरिकेत मात्र 1989च्या 'द लिटल मरमेड' चित्रपटानंतर ते मुलींचं झालं. नाव कुणाचं, हे ग्रंथाइतकंच समाजाच्या सवयीवरही ठरतं.

बाप्तिस्म्यासाठी नाव बायबलमधलंच लागतं, ही समजूतही सोडून द्यावी. कॅथलिक चर्चची 1983ची धर्मसंहिता एवढंच सांगते की नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं. मराठी कवी रेव्हरंड टिळक 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊनही नारायण वामनच राहिले.

नाव निवडताना इंटरनेटवरच्या यादीवर विसंबू नका. संबंधित अध्याय उघडा, ती व्यक्ती कोण होती ते पाहा, मगच ठरवा. घाई कसलीच नाही: जन्माची नोंद नावाशिवायही होते, नाव 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत.