सरकारी कार्यालयालाही ‘स्टार’! कसे ठरते रेटिंग?

फ्रिज, एसीप्रमाणे कार्यालयाच्या इमारतीलाही १ ते ५ स्टार मिळतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो अर्थात ‘बीईई’ची ही ऐच्छिक योजना २००९ पासून सुरू आहे.

गणित काय?
वर्षभरात वापरलेले युनिट भागिले इमारतीचे क्षेत्रफळ. समजा, २,००० चौरस मीटरच्या कार्यालयाने १ लाख युनिट वापरले, तर आकडा ५०. मग हवामान आणि एसीचे प्रमाण पाहून स्टार ठरतात.

अडचण कुठे?
योजना १०० किलोवॉट व त्याहून अधिक वीजभाराच्या इमारतींसाठी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतील ग्रामपंचायती, वनपरिक्षेत्र कार्यालये त्यात बसत नाहीत. मात्र १२ बिलांवरून हा आकडा त्यांनाही काढता येतो.

लक्षात ठेवा : वीज गेल्याने पंखे बंद राहिले तरी आकडा घटतो. ती बचत नव्हे.