छपराला आभाळाची वाट

दादर पश्चिमेला गोखले रोडवर बसचा एक थांबा आहे. कंडक्टर ओरडतो, ‘पोर्तुगीज चर्चवाले, चला!’ आणि उतरणाऱ्यांत सिद्धिविनायकाला जाणारे असतात, शाळा-कॉलेजची मुलं असतात, भाजीच्या पिशव्या सांभाळणाऱ्या बायका असतात. पोर्तुगीजांनी १६६१ साली मुंबई इंग्लंडच्या राजाला लग्नात आंदण दिली. ते गेले, पण बसच्या थांब्यावर त्यांचं नाव राहिलं.

मी नोकरीसाठी कोकणातून मुंबईत आलो, तेव्हा या थांब्यावर रोज उतरत असे. पहिले काही महिने मी चर्च शोधत होतो. उंच मनोरा, टोकदार कमानी, घंटा असं काहीतरी दिसेल म्हणून. दिसत होती ती काँक्रीटची, खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली छपरं. कुणीतरी मोठाले शंख उपडे घालून ठेवावेत तशी. शेवटी पानवाल्याला विचारलं, ‘चर्च कुठं आहे हो?’ तो म्हणाला, ‘तुमच्यासमोर आहे की!’

या चर्चचं खरं नाव ‘अवर लेडी ऑफ सॅल्वेशन’, म्हणजे तारणमाता मरियेचं मंदिर. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी इथं प्रार्थनास्थळ उभारलं ते १५९६ साली. त्यानंतर वीस वर्षांनी, १६१६ साली, गोमंतकात फादर स्टीफन्स यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. म्हणजे दादरचं हे चर्च आणि मराठीतलं ख्रिस्ती साहित्य हे जवळजवळ एकाच वयाचे. आज दिसणारी वास्तू मात्र १९७४ ते १९७७ या काळातली, आणि तिचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय रचणारे, तेच हे कोरिया.

जुन्या जागी इतकी वेगळी वास्तू का उभी राहिली असेल? त्यासाठी थोडं मागं जायला हवं. दुसऱ्या महायुद्धात युरोपातली कितीतरी चर्चेस जमीनदोस्त झाली. ती पुन्हा बांधताना प्रश्न पडला, की जुन्याचीच नक्कल करायची की आजच्या साधनांनी आजचं काही करायचं? फ्रान्समध्ये रोंशां इथं युद्धात पडलेल्या चॅपेलच्या जागी ल कॉर्बुझिए यांनी १९५५ साली काँक्रीटचं जे चॅपेल उभं केलं, त्याने साऱ्या जगातल्या वास्तुकारांना चकित केलं. काँक्रीट हवं तसं वळतं, हे तिथं दिसलं.

दुसरा बदल धर्माच्या आतून आला. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तोवर कॅथलिक मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि धर्मगुरू वेदीकडे तोंड, लोकांकडे पाठ करून उभा राही. परिषदेनंतर लोकांच्या भाषेला वाट मिळाली, धर्मगुरू लोकांकडे वळले. लोक आता बघे राहिले नाहीत, सहभागी झाले. साहजिकच लांबलचक, बोगद्यासारख्या सभागृहाची गरज कमी झाली. याच काळात, १९६४ साली, मुंबईत आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद झाली, पोप सहावे पॉल आले आणि ओव्हल मैदानावर उघड्या आभाळाखाली हजारोंनी प्रार्थना केली.

उघडं आभाळ हा तर कोरियांचा आवडता विषय. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या हवामानात माणसाला दार-भिंतींच्या पेटीची गरज नसते. सकाळी अंगण, दुपारी ओसरी, रात्री गच्ची. आपल्या देवळाला प्राकार असतो, मशिदीला सहन असतं, वाड्याला चौक असतो. मग चर्चलाच का नसावं? येशूनेही उपदेश केला तो डोंगरावर, सरोवराकाठी. म्हणून दादरच्या चर्चमध्ये छपराखालच्या जागा आणि उघडे चौक एकमेकांत गुंफलेले आहेत. आत आणि बाहेर यांच्यातली रेघ पुसट आहे.

आता त्या उपड्या शंखांकडे येऊ. गरम हवा हलकी असते, ती वर जाते, हे आपण शाळेत शिकतो. सपाट छपराखाली ती अडकते आणि माणसं उकडून निघतात. छप्पर निमुळतं करून टोकाशी वाट ठेवली, तर ती तिथून निघून जाते आणि तिची जागा घ्यायला चौकातली हवा खालून आत येते. आपल्या आज्यांच्या चुलीवरच्या धुराड्याचं तत्त्व हेच. कोरियांनी साठच्या दशकाच्या आरंभी अहमदाबादला अगदी साध्या, कमी खर्चाच्या घरात हेच तत्त्व वापरलं होतं. गरिबाच्या घरातली युक्ती त्यांनी देवाच्या घरात आणली.

वरून हवा जाते, तसा उजेड येतो. तिथल्या काचेवर चित्रकाम केलं मकबूल फिदा हुसेन यांनी. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेल्या या चित्रकाराचे रंग दादरच्या ख्रिस्ती भाविकांवर वरून उतरत होते.

हे सारं मी पुस्तकांतून नंतर वाचलं. आत गेलो तो एका मे महिन्यात, एका मित्राच्या अंत्यविधीला. आम्ही एकाच कचेरीत होतो. तो ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातला. आम्हां दोघांनाही लोक एकच वाक्य ऐकवत, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ मी मनातून दुखावत असे. तो हसून म्हणायचा, ‘अहो शायर, घरातल्या माणसाला कुणी म्हणतं का, तुम्ही आमच्या घरी किती छान वावरता?’

त्या दिवशी बाहेर रस्ता तापला होता. आत शवपेटीजवळ त्याच्या बहिणीने बायबलमधला उतारा मराठीत वाचला. मी मागे उभा होतो. कुठूनतरी वाऱ्याची झुळूक आली, मेणबत्त्यांच्या ज्योती वाकल्या. मी वर पाहिलं. उजेड सावकाश खाली येत होता. तेव्हा मला माझ्या गावची जुनी मशीद आठवली.

जांभ्या दगडाची, उतरत्या कौलारू छपराची, घुमट नसलेली. कोकणातल्या पावसाने तिला तो आकार दिला होता. शेजारच्या देवळाचं छप्परही तसंच. पाहुणे विचारत, ‘ही मशीद वाटतच नाही!’ हे ऐकून ऐकून आम्हालाच लाज वाटू लागली. पुढे वर्गणी काढून आम्ही ती पाडली आणि स्लॅबची, घुमटाची नवी बांधली. आता ती मशिदीसारखी दिसते. पावसाळ्यात गळते आणि उन्हाळ्यात दुपारच्या नमाजाला आत थांबवत नाही. ठराव झाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

‘चर्चसारखं दिसत नाही’ हे वाक्य दादरच्या वास्तूलाही ऐकावं लागलं असणार. मीही ते पानवाल्यासमोर मनात म्हटलंच होतं. पण कशासारखं दिसायचं, हे कोण ठरवतं? ख्रिस्ती माणसाने पोर्तुगालसारखं, मुसलमानाने अरबस्तानासारखं दिसावं, बोलावं, अशी अपेक्षा असते. इथल्या उन्हाला, वाऱ्याला, पावसाला मात्र धर्म ठाऊक नसतो. त्यांच्याशी ज्याचं जमलं, तो इथला.

पुढच्या वेळी गोखले रोडवर बस सिग्नलला थांबली, तर खिडकीतून त्या छपरांकडे जरूर पाहा. आणि वेळ असेल तर उतरून, प्रार्थना चालू नसताना, दोन मिनिटं आत शांत उभे राहा. वर पाहा. माझा मित्र तिथं दर रविवारी जात असे. मला त्याने कितीदा बोलावलं होतं. मी गेलो, पण उशिरा.