गारवा घरचा, रंग स्ट्रॉबेरीचा

एप्रिलचे ऊन तापू लागले की महाबळेश्वर-पाचगणीहून परतणाऱ्या मोटारींच्या मागच्या आसनावर स्ट्रॉबेरीची खोकी हमखास दिसतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुरू झालेला हा हंगाम आता ओसरत आलेला असतो. शेवटच्या तोड्यातले फळ आकाराने लहान आणि दिसायला ओबडधोबड असते, आणि घाटाखाली शहरात पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे नरम पडते. तसेच्या तसे खायला ते फारसे आकर्षक वाटत नाही. मात्र दुधाच्या सायीत घोटून गोठवायचे असेल, तर याच फळासारखे सोयीचे दुसरे नाही. 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचे शेवटचे खोके फ्रीजमध्ये बुरशी येईपर्यंत ठेवण्यापेक्षा त्याची घरगुती कांडी-कुल्फी करणे केव्हाही शहाणपणाचे.

हा बेत अनेक घरांत होतो आणि तितक्याच घरांत फसतोही. मिक्सरमध्ये फळ, दूध, साखर फिरवून साच्यात ओतले जाते. दुसऱ्या दिवशी हाती येतो तो गुलाबी रंगाचा बर्फाचा दगड. दोष पाककृतीपेक्षा पाण्याचा असतो. स्ट्रॉबेरीत वजनाच्या सुमारे 90 टक्के पाणी, तर दुधात सुमारे 87 टक्के. घरच्या फ्रीजरमध्ये हे पाणी सावकाश गोठते, आणि पाणी जितके सावकाश गोठेल तितके त्याचे स्फटिक मोठे होतात. जिभेला जी कचकच जाणवते ती या स्फटिकांची. कारखान्यात आइस्क्रीमचे मिश्रण अतिथंड भिंतीच्या नळकांड्यात सतत खरवडत, घुसळत काही मिनिटांत गोठवले जाते, म्हणून ते मऊ राहते.

जुन्या घरांतल्या लाकडी पॉटमध्येही हेच साधले जात असे. मधल्या धातूच्या डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ भरायचे आणि मुलांनी पाळीपाळीने दांडा फिरवायचा. मिठामुळे बर्फ शून्य अंशाखालीही वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या डब्यातून खेचून घेतो. बर्फ-मिठाचे हे मिश्रण उणे 21 अंश सेल्सियसपर्यंत उतरू शकते. मीठ टाकल्याने बर्फ अधिक थंड कसा होतो, हा शाळकरी मुलांचा प्रश्न इथेच सुटतो.

पॉट नसेल तर पाण्याला आवर घालण्याचे अन्य मार्ग आहेत. पहिला मार्ग साखरेचा. साखर गोडीसाठी असतेच, शिवाय ती पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, त्यामुळे सगळे पाणी एकाच वेळी दगड होत नाही. म्हणूनच ‘आरोग्यासाठी’ साखर निम्मी केली की कांडी दाताला लागते. दुसरा मार्ग आटवण्याचा. आपल्या कुल्फीचे सारे रहस्य त्यातच आहे. कुल्फी घुसळली जात नाही. दूध आटवून त्यातले पाणीच कमी केलेले असते. तिसरा मार्ग स्निग्धांशाचा आणि हवेचा.

साय, क्रीम आणि लोणी

बाजारात छोट्या कागदी खोक्यात मिळणाऱ्या ‘फ्रेश क्रीम’मध्ये साधारण 25 टक्के स्निग्धांश असतो. ते कितीही फेटले तरी उभे राहत नाही आणि गृहिणी स्वतःला दोष देत बसतात. फेटून घट्ट होण्यासाठी निदान 30 टक्के, खरे तर 35 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश हवा. तसे क्रीम ‘व्हिपिंग क्रीम’ म्हणून मिळते. त्याच फळीवर वनस्पती तेलाचे, गोड केलेले ‘टॉपिंग’ही असते, तेव्हा वेष्टन वाचूनच घ्यावे. फेटताना स्निग्धकण एकमेकांना चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे विणतात. भांडे व क्रीम थंडगार असले तरच हे जाळे टिकते. मुंबईच्या मे महिन्यात पंखा गरगरत असताना हे काम करणे म्हणजे परीक्षाच. आणि हात थांबवायचे विसरलो तर काय होते, हे मराठी घरात कोणी समजावून सांगायला नको: लोणी येते.

घरची साय वापरावी का? चव उत्तम येते, पण आठवडाभर साठवलेली साय यासाठी नको. ताक-लोण्याला चालणारा तिचा आंबूसपणा गोड पदार्थात उघडा पडतो. शिवाय ती कढवली जाणार नसल्याने साठवणीत वाढलेले जंतू तसेच पोटात जातात. एक-दोन दिवसांची, झाकून ठेवलेली सायच घ्यावी.

फळ आंबट असल्याने दूध फाटते ही तक्रारही नेहमीची. तापलेल्या दुधात स्ट्रॉबेरीचा गर ओतला तर दुधातील प्रथिने गोळा होणारच. लिंबू पिळून पनीर करण्यापेक्षा ते वेगळे नाही. दोन्ही गोष्टी पूर्ण थंड करून मिसळल्या, दुधाऐवजी कमी प्रथिनांचे क्रीम वापरले, तर धोका कमी होतो. त्याहून सोपा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच टांगलेला असतो, तो म्हणजे श्रीखंडाचा चक्का. तो आधीच आंबट, आधीच विरजलेला, शिवाय पाणी निथळून गेलेला. त्याला आणखी फाटायचे काही उरलेले नसते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते चक्का आणि क्रीम यांचे मिश्रण नुसत्या क्रीमपेक्षा सरस लागते, कारण क्रीमचा जड तुपकटपणा चक्क्याच्या आंबटपणाने कापला जातो.

दहा कांड्यांसाठी अर्धा किलो स्ट्रॉबेरी देठासकट धुऊन घ्यावी. देठ आधी काढले तर पाणी आत शिरते. नंतर देठ काढून, फळे चिरून 100 ग्रॅम साखर व चमचाभर लिंबाचा रस घालून अर्धा तास ठेवावी. सुटलेल्या रसासकट पसरट भांड्यात उकळी आणावी आणि मिश्रण जवळपास निम्मे होईपर्यंत मध्यम आचेवर आटवावे. पूर्ण थंड झाल्यावर 200 ग्रॅम चक्का, 200 मिलिलिटर क्रीम व 150 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क हलक्या हाताने एकत्र करावे, मिक्सर नको. थोडा आटवलेला गर बाजूला ठेवून साच्यात थरांनी सोडला तर कांडीवर लाल रेघा उमटतात. चव घेताना मिश्रण किंचित जास्त गोड वाटायला हवे, कारण जीभ गार पडली की तिला गोडी कमी जाणवते. साचे फ्रीजरच्या तळाला, मागच्या बाजूला ठेवावेत आणि आठ तास दार शक्यतो उघडू नये. कांडी काढताना साचा काही क्षण कोमट पाण्यात बुडवला की पुरते.

गोठवले म्हणजे निर्जंतुक नव्हे

फळ आटवून घेण्यामागे पाणी कमी करण्याखेरीज आणखी एक कारण आहे, आणि घरात लहान मुले, गरोदर स्त्री किंवा वृद्ध असतील तर तेच अधिक महत्त्वाचे ठरते. थंडीत जंतू मरतात, असा समज आजही सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बहुतेक जंतू आणि विषाणू फ्रीजरमध्ये केवळ निद्रिस्त होतात. 2012 च्या शरद ऋतूत पूर्व जर्मनीतील शाळा आणि पाळणाघरांमध्ये सुमारे 11 हजार जणांना, प्रामुख्याने मुलांना, उलट्या-जुलाबांनी गाठले. तपासाचा माग आयात केलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरीपर्यंत पोहोचला. कारण होते नोरोव्हायरस. स्ट्रॉबेरी जमिनीलगत वाढते, तिला सोलता येत नाही आणि तिच्या खडबडीत पृष्ठभागावरचे सगळे काही धुऊन निघत नाही. चांगली उकळी मात्र हे काम करते. कच्च्या फळाचा ताजेपणा त्यात थोडा हरवतो हे खरे. घरातल्या लहानग्यांसाठी तो हरवलेला बरा. परदेशी पाककृतींत सांगितलेले कच्चे अंडेही याच कारणासाठी वगळावे.

विजेचा लपंडाव जिथे नित्याचा आहे तिथे आणखी एक पथ्य पाळावे लागते. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या कांडीत लहान स्फटिक विरून मोठ्यांना जाऊन मिळतात आणि कचकच वाढते. चव बिघडण्यापुरतेच हे असेल तर ठीक, परंतु मिश्रण पूर्ण वितळून तासन्‌तास कोमट राहिले असेल तर ते पुन्हा गोठवून मुलांना देऊ नये. बाहेरून बर्फ आणून पॉट लावणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की महाराष्ट्रात 2018 मध्ये अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम लागू करण्यात आला. असा निळसर बर्फ डब्याच्या बाहेर चालेल, सरबताच्या पेल्यात नाही.

इतका खटाटोप करण्यापेक्षा विकतचे आणणे सोपे, हा युक्तिवाद रास्त आहे. फक्त काय विकत घेतो ते पाहावे. आपल्याकडील नियमांनुसार ‘आइस्क्रीम’मध्ये किमान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो, वनस्पती तेल वापरले तर त्यास ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते. या दोहोंतील फरकाच्या जाहिरातींवरून 2017 मध्ये दोन बड्या कंपन्यांचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. वजनाचीही एक गंमत आहे. लिटरभर आइस्क्रीम किमान 525 ग्रॅम भरले तरी नियमात बसते. बाकीची जागा हवेची. घरच्या कांडीत हवा नगण्य, म्हणून एकीतच पोट भरते.

स्ट्रॉबेरी संपली तरी हाच प्रयोग सुरू ठेवता येतो. तसे पाहता वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने स्ट्रॉबेरी ही ‘बेरी’ नव्हेच. तिचा लाल गर म्हणजे फुगलेले पुष्पासन आणि त्यावरचे बारीक दाणे हीच तिची खरी फळे. आपले करवंद मात्र शास्त्राच्या कसोटीवर अस्सल बेरी ठरते. मे महिन्यात ती डोंगरची काळी मैना टोपल्यांतून शहरात उतरते, पाठोपाठ जांभळे येतात. करवंदाचा चीक जिभेला चिकटतो, म्हणून पूर्ण पिकलेलीच घ्यावीत, थोड्या पाण्यात शिजवावीत आणि गाळणीतून दाबून बिया काढाव्यात. जांभळाचा तुरटपणा दुधातील प्रथिनांनी बराच बोथट होतो, त्यामुळे त्याला चक्का आणि क्रीम दोन्ही मानवतात. रंग मात्र मळकट जांभळा येतो. लिंबाचे चार थेंब पडले की तो लालीकडे झुकतो आणि मुले कांडीला हात लावायला तयार होतात.