डब्याची पिशवी : दिवाळीची भेट, शिवण आणि गणित



दिवाळीच्या सुट्टीसाठी आपण मुलांना स्वाध्याय देतो. निबंध, पाढे, शुद्धलेखन. सुट्टीनंतर त्या वह्या तपासल्या जातात आणि कपाटात पडतात. यंदा त्यातला एक स्वाध्याय कमी करून मुलांना एक वस्तू हाताने शिवायला सांगू या. घरातल्या एका माणसासाठी, भाऊबीजेपर्यंत पूर्ण होईल अशी.

भेट नेमकी कोणाची?

भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या ताटात ओवाळणी घालतो. पण भाऊ दहा वर्षांचा असेल तर ती नोट आईवडिलांच्याच खिशातून आलेली असते. देणारा हात मुलाचा, भेट मात्र मोठ्यांची. स्वतःचं असं काही द्यायचं तर मुलाकडे दोनच गोष्टी असतात, वेळ आणि हात. शिवलेल्या वस्तूत त्या दोन्ही लागतात. म्हणून हे काम मुलींपुरतं ठेवू नका, मुलग्यांनाही सुई द्या. आपल्या गावातले बहुतेक टेलर पुरुषच असतात, हे वर्गात सांगितलं की कुरकुर थांबते.

कोणासाठी काय?

आधी माणूस ठरवायचा, वस्तू नंतर. आजीला चष्मा आणि गोळ्या ठेवायला बटवा. तान्ह्या भावंडाला टोपडं. शिरोली एमआयडीसीच्या परिसरात तर एक वस्तू घरोघरी लागते, ती म्हणजे डब्याची पिशवी. फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी चालते आणि प्रत्येक पाळीबरोबर डबा जातो. तो बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतच असतो. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, तरी डब्याभोवतीची पिशवी काही सुटलेली नाही. म्हणून आईसाठी किंवा बाबांसाठी कापडी पिशवी हा आपला नमुना पाठ.

आधी माप, मग कात्री

डबा गोल असतो आणि पिशवी सपाट. इथेच गणित सुरू होतं. दोरा डब्याभोवती गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. समजा डब्याचा व्यास १४ सेंमी आहे, म्हणजे परीघ साधारण ४४ सेंमी. सपाट पिशवीची रुंदी परिघाच्या निम्मी, २२ सेंमी. डबा सहज आतबाहेर व्हावा म्हणून ३ सेंमी सैल ठेवू. झाली २५ सेंमी.

आता उंची. डबा २० सेंमी उंच. तळाखाली जायला ७ आणि तोंड बंद होताना झाकणावर यायला ७, म्हणजे दोन्हीकडे व्यासाच्या निम्मे. एकूण ३४. एक सेंमी जास्त धरून ३५.

शिवणीसाठी दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी सोडलं की कापडाची रुंदी २८ होते. कापड तळाशी दुमडणार असल्याने लांबी ३५ ची दुप्पट, ७०. दोन्ही तोंडांना नाडीच्या नेफ्यासाठी चार-चार सेंमी. एकूण ७८.

मुलांनी आपापल्या घरच्या डब्याचं माप घ्यायचं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, त्यामुळे शेजाऱ्याचं उतरवून चालणार नाही!

एका मीटरमध्ये किती?

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. म्हणून थोडं जास्त घ्या, धुऊन वाळवा आणि मगच मोजा. धुतल्यावर १०० सेंमी लांब आणि ९० सेंमी पन्ह्याचं कापड हाती आलं असं धरू. २८ च्या तीन पट्ट्या म्हणजे ८४. तीन पिशव्या निघाल्या. बाजूला ६ सेंमी रुंदीची १०० सेंमी लांब पट्टी उरली, तिच्यातून ३ सेंमी रुंदीच्या दोन नाड्या. तिसरी नाडी कुठून काढायची? हे फळ्यावर सोडवून दाखवू नका. वर्तमानपत्राचा कागद त्याच मापाचा कापून मुलांनाच शोधू द्या. (खाली २२ सेंमीचा तुकडा उरलेला आहे, तो त्यांना सापडेलच.)

कापड नवं विकत घ्यावंच असं नाही. बाबांची जुनी पँट, आईची जुनी ओढणी, टेलरकडच्या चिंध्या चालतात. फक्त कंपनीतले तेलकट कपडे घेऊ नका, त्यात जेवणाचा डबा जायचा आहे.

शिवायचं कसं?

टाके तीनच शिकवा. धावदोरा, म्हणजे सुई वरखाली पुढे नेत जाणं. आपल्याकडच्या वाकळा याच टाक्याने उभ्या राहतात. दुसरा उलटी टीप. यात प्रत्येक टाका मागे जाऊन पुढे येतो, म्हणून शिवण पक्की होते. तिसरा हेम, म्हणजे कडा दुमडून बारीक टाक्यांनी बसवणं.

१. नेफ्याच्या जागी बाजूच्या कडा आत दुमडा. मग वरची कड आधी १ आणि नंतर ३ सेंमी दुमडून हेम घाला. दोन्ही टोकांना.
२. सुलटी बाजू आत ठेवून कापड मधोमध दुमडा. नेफ्याच्या खालून तळापर्यंत दोन्ही बाजू आधी धावदोऱ्याने जोडा, मग त्यावर उलटी टीप घाला.
३. तळाच्या कोपऱ्यांवर दुहेरी टीप. सगळं वजन तिथेच येतं.
४. पिशवी उलटवून नाडी ओवा.

सुया मोजून द्या आणि तास संपताना मोजूनच परत घ्या.

हा अभ्यासच आहे

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्यातूनच नई तालीम उभी राहिली. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षण सुचवलं आहे. आपल्याला तर कापडाची गोष्ट शोधायला लांब जायला नको. शिरोली ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात इचलकरंजी. तिथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. मुलांना कापडाच्या कडेचा एकेक धागा सोडवू द्या. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. रोज अंगावर असलेलं कापड कसं बनतं, हे तेव्हा कळतं.

पालकांसाठी थोडं

टाका वाकडा आला तर तो मुलाला उसवू द्या आणि पुन्हा घालू द्या. रात्री तो झोपल्यावर तुम्ही सरळ करून ठेवलात, तर भेट परत तुमचीच झाली. त्याला आठ दिवस लागतील, लागू देत. म्हणूनच हे काम दिवाळीच्या तीन आठवडे आधी सुरू करायचं.

आणि भेट मिळाल्यावर ती शोकेसमध्ये ठेवू नका. मुलाने तुमच्या डब्याला दोरा लावून माप घेतलंय, तो डबा पिशवीतून कामावर जाऊ दे. गुणही त्यावरूनच द्यावेत. डबा आत बसतो का, नाडी ओढली की तोंड बंद होतं का, महिनाभर वापरून शिवण टिकते का. सुट्टीनंतर महिन्याभराने पिशव्या शाळेत मागवा आणि उसवलेल्या कोपऱ्यांवर पुन्हा टीप घालून घ्या. दुरुस्ती हा या पाठाचा शेवटचा तास.